फुलांवर आलेला आळ

निवृत्त झाल्यावर मी अकोल्याहून अमरावतीला आले ती भावाच्या सोबतीने राहायचं म्हणून. मी लग्न केलं नाही. आई होती तोवर घरात आम्ही दोघी होतो, ती गेल्यावर बोलायला कोणी उरलं नाही. भाऊ म्हणाला, "आमच्याच बिल्डिंगमधला फ्लॅट रिकामा होऊन राहिला, ये इकडे." मी आले. त्याच्या नातवंडांचं येणं-जाणं राहील, आइस्क्रीम लागेल, म्हणून दोन दारांचा मोठा फ्रीज घेतला. यात बर्फ खरवडायची भानगड नाही, तो आपोआप वितळतो, असं दुकानदाराने दोनदा सांगितलं होतं.

वर्ष व्हायच्या आत भावाच्या मुलाची बदली बंगळुरूला झाली आणि सगळं घर त्याच्याबरोबर गेलं. मोठ्या फ्रीजमध्ये माझं अर्धा लिटर दूध, थोडी कोथिंबीर आणि कालचं वरण, एवढंच दिसायचं. अमरावतीत माझ्या ओळखी नव्हत्या. ऑफिसातली माणसं अकोल्यात, आणि तीही हळूहळू फोन करेनाशी झाली होती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई फुलं विकायला बसायची. चाळिशीची असेल. तिच्या दिराचा भातकुलीला मळा, तिथून मोगरा आणि शेवंती यायची. उन्हाळ्यात एका दुपारी ती पाणी मागायला वर आली. मी फ्रीजमधून बाटली काढली, तेव्हा तिने आत डोकावून पाहिलं.

"ताई, रिकामाच हाय की तुमचा फ्रीज. माही एक टोपली ठेवू देता का? उन्हानं सारा मोगरा काळा पडून राह्यला. सकाळी नेतो मी."

"ठेव ना," मी म्हटलं.

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी उरलेली फुलं ओल्या फडक्यात गुंडाळून आणायची आणि सकाळी न्यायला यायची. सकाळी तिला घाई असे. संध्याकाळी मात्र ती चहा घेई, नवऱ्याच्या तक्रारी सांगे, मुलीच्या कॉलेजचं सांगे. मी दुपारपासूनच मनात ठरवून ठेवायची, आज तिला काय सांगायचं. कधीकधी सांगण्यासारखं काहीच नसे, मग मी अकोल्याच्या जुन्या गोष्टी काढत असे. फ्रीज उघडला की मोगऱ्याचा वास सगळ्या घरात पसरायचा. दुधालाही तो लागायचा. मला ते चालत होतं.

पावसाळा संपत आला तेव्हा एका सकाळी दूध नासलं. खालचा कप्पा जवळजवळ कोमट होता. वरचा फ्रीझर उघडला तर मागच्या पत्र्यावर पांढरा बर्फ चढलेला, आणि वाटाण्याचं पाकीट त्यात रुतून बसलेलं. मी फ्रीज बंद केला, दोन्ही दारं उघडी टाकली, खाली जुन्या चादरी पसरल्या. दुसऱ्या दिवशी सुरू केला तर छान गार झाला. आठवडाभराने पुन्हा तेच.

मी एका मेकॅनिकला बोलावलं. तो आला तेव्हा फुलवाली टोपली ठेवायला आलेली होती. त्याने दार उघडलं, ओलं फडकं उचलून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, हे काय ठेवता? एवढ्या ओल्या फुलांची वाफ वर जाते आणि तिचा बर्फ होतो. हे बंद करा, फ्रीज ठीक चालेल."

तो गेल्यावर तिने टोपली पुन्हा उचलली.

"काहून उचलते? ठेव तिथंच," मी म्हटलं. "त्याले काय समजते?"

"नाई ताई. तुमची एवढी मोठी वस्तू माह्यामुळं खराब व्हायची. तुमी बोलल्या नसत्या, पण मले समजते."

"अगं, मला काही अडचण नाही."

"मले हाय ना," ती म्हणाली. रागाने नाही, पण ठाम. चहा गॅसवर उकळत होता, तोही न घेता गेली.

मी फ्रीजमधला बर्फ पुन्हा वितळवला. फुलं नव्हती, तरी बर्फ आला. मग मात्र मला छडा लावल्याशिवाय चैन पडेना. दारात वर्तमानपत्राचा कागद अडकवून चारी बाजूंनी ओढून पाहिला, कुठेच सैल नव्हता, म्हणजे दाराचं रबर चांगलं होतं. आतलं सगळं काढलं आणि दोन पाण्याच्या बाटल्या तेवढ्या ठेवल्या. दिवसातून एकदाच दार उघडायचं, असं ठरवलं. बघता बघता पत्रा पुन्हा पांढरा झाला. फुलांचा काही संबंध नव्हता.

दुसऱ्या मेकॅनिकला हे सगळं सांगितलं. त्याने मागचा पत्रा खोलला. आतल्या जाळीवर बर्फाची लादी बसली होती. तिच्याखाली एक बारीक हिटर असतो, तो मधूनमधून तापून बर्फ वितळवतो. तो हिटरच जळाला होता. नवा बसवला आणि तक्रार मिटली.

मी त्याच संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी गेले. ती गजरे ओवत होती. "तुझ्या फुलांनी काही झालं नव्हतं. आतलाच एक पार्ट जळला होता," मी सांगितलं.

तिचा चेहरा उजळला. "बरं झालं सांगितलं, ताई. माह्या मनाले लागून राह्यलं होतं."

"मग आण ना आजपासून टोपली."

तिने मागच्या कोल्ड्रिंकच्या दुकानाकडे हात केला. "आता इथंच ठेवतो मी. त्यायची मोठी पेटी हाय. चढउतर वाचली, गुडघे दुखतात ना जी."

खरंच होतं ते. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

दिवाळीत ती मुलीला घेऊन घरी आली, मी बोलावलं होतं म्हणून. दोघी सोफ्याच्या कडेला बसल्या. मी चिवडा, शंकरपाळे दिले. मुलीच्या परीक्षेचं विचारलं, तिने एका वाक्यात उत्तर दिलं. ती फुलवाली नवी साडी सावरत इकडेतिकडे पाहत होती. मला तिला खूप काही सांगायचं होतं, पण पाहुणी म्हणून आलेल्या माणसाला ते सांगता येत नाही. थोड्या वेळाने मुलगी म्हणाली, "आई, आत्याकडे जायचं हाय ना?"

"येतो ताई," म्हणत ती उठली. जिन्यात कठडा धरून एकेक पायरी उतरताना तिला खूप वेळ लागला. त्यांचा आवाज खालच्या मजल्यांवरून येईनासा होईपर्यंत मी दार उघडंच ठेवलं.