तीन शिट्ट्या

ती कामावरून घरी आली तेव्हा साडेचार वाजून गेले होते. तिचे वडील ओट्यासमोर खुर्ची टाकून, रुसलेल्या पाहुण्याकडे पाहावं तसे नव्या कुकरकडे पाहत बसले होते. शेजारी तिची चौथीतली मुलगी, ठमी, कोरडा पाव चावत होती.

"जेवला नाहीत अजून?"

"शिट्टीच झाली नाही," वडील म्हणाले. "तीन व्हायला हव्यात ना? एकही नाही."

तिने पिशवी खाली ठेवली. विजेच्या कुकरला शिट्टी नसते, शिजलं की तो नुसता बारीक टीं करतो, हे सांगायचंच राहिलं होतं. सांगून तरी काय उपयोग? वडिलांची तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकीत गेली. इंजिनाच्या घरघरीत कान गेले ते गेलेच. लोक अजून त्यांना मास्तर म्हणत, पण आता मोठ्याने म्हणावं लागे. ठमी शाळेतून यायच्या आधीच कुकर वाजून गप्प झाला होता. आत भात सुकून भांड्याला चिकटला होता.

कुकर काही तिने हौसेने आणला नव्हता. महिन्यापूर्वी मास्तर गॅसवर पातेलं ठेवून विसरले. पातेल्याचा कोळसा झाला आणि शेजारचं फडकं पेटलं. थोडक्यात निभावलं, पण ठमीने ते फोनवर मामाला सांगून टाकलं.

"आता पुरे," दादा तिला म्हणाला. "वृद्धाश्रमात त्यांच्या वयाची माणसं असतात, करमेल त्यांना. पुन्हा काही झालं तर मी येऊन घेऊन जाणार."

दादा वाईट नव्हता, लांब होता, एवढंच. इथे नवरा वारल्यापासून घर तिच्या नोकरीवर उभं होतं आणि नोकरी मास्तरांवर. दुपारी एकला घरी येणाऱ्या पोरीला गरम घास देणारं दुसरं होतं कोण? म्हणून गॅस बंद झाला आणि ओट्यावर हे यंत्र आलं. जाळ नाही, धूर नाही, शिजलं की आपोआप थांबतं. सगळं होतं, फक्त शिट्टी नव्हती.

ती इस्पितळाच्या धुलाई विभागात होती. साडेबाराला मोठ्या यंत्रातून चादरींची पहिली खेप निघाली की दोन मिनिटं हात मोकळे होत. दुसऱ्या दिवशी त्या दोन मिनिटांत तिने वडिलांना फोन लावला आणि एकदा वाजल्यावर कापला. मग पुन्हा, आणि पुन्हा. सकाळी निघतानाच ठरवलं होतं. फोन शर्टाच्या खिशात ठेवायचा, तीनदा थरथरला की झाल्या तीन शिट्ट्या, झाकण उघडायचं. संध्याकाळी भांडं रिकामं होतं.

मग ते रोजचंच झालं. मुकादमबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे.

"रोज तीन-तीनदा कुणाला वाजवतेस गं? एकदाही उचलत नाही मेला."

"वडील आहेत. भात लावलाय त्यांनी."

"आणि शिट्टी तू देतेस, इथून?"

"कुणीतरी द्यायला हवी ना."

"इथली वाफ कमी पडते वाटतं तुला," मुकादमबाई म्हणाल्या, पण त्या दिवसापासून साडेबाराला त्यांनी तिला हाक मारली नाही.

हाताला चादरी आणि जिवाला कुकर. बारा वाजल्यापासून तिचं अर्धं मन घरी असे. उरलेल्या अर्ध्याने घड्या घालून संध्याकाळी पाठ धरायची.

एका गुरुवारी यंत्राचं दार अडकलं. गुडघाभर ओल्या चादरी हाताने ओढून काढताना भान राहिलं नाही. घड्याळ पाहिलं तेव्हा अडीच वाजले होते. तिने फोन लावला. बराच वेळ वाजला, कुणी उचलला नाही.

"जा तू," मुकादमबाई म्हणाल्या.

ती जवळजवळ धावतच घरी आली. जिन्यातच ती जळक्या वासाचा अंदाज घेत होती. दार उघडलं तर ओटा पुसलेला. ठमी फरशीवर पालथी पडून गणितं सोडवत होती, हनुवटीला भाताचं शीत. मास्तर खुर्चीत पेंगत होते.

"जेवलात?" तिने ओरडून विचारलं.

"केव्हाच. आज तुझ्या शिट्ट्या आल्या नाहीत. म्हटलं, पोरीचा गॅस संपला असेल."

"केला होता की फोन, अडीचला."

"एकच झाली ती. एका शिट्टीत काय शिजतं?"

"मग भात झाल्याचं कळलं कसं?"

"तो दिवा लाल असतो, शिजलं की पिवळा होतो. सिग्नल बघण्यात जन्म गेला माझा. पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं."

ती ओट्याला टेकली. "मग सांगितलं का नाहीत? मी तिथे रोज जीव टांगणीला लावून..."

मास्तरांनी कुकरचं स्वच्छ झाकण पुन्हा एकदा पुसलं.

"सांगितलं असतं, तर वाजवला असतास फोन?"

तिने वाकून ठमीच्या हनुवटीवरचं शीत काढलं.

संध्याकाळी दादाचा फोन आला. बाबा इथेच राहतील, एवढंच तिने सांगितलं. वाद घालायचं त्राण नव्हतं, आणि गरजही पडली नाही.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला तिने एकदाच फोन लावला आणि कापला नाही. खूप वेळाने मास्तरांनी उचलला.

"कोण?"

"मी. भात झाला का?"

"झाला, झाला. तू जेवलीस?"

"हो," ती म्हणाली. डबा अजून कपाटातच होता.