मेढीला पालवी

कुठंही बसण्याआधी तो हातातली काठी जमिनीवर तीनदा आपटायचा, मान तिरकी करून ऐकायचा आणि मगच टेकायचा. माझ्या टेबलासमोरच्या फरशीवरसुद्धा. मला वाटलं, साप-विंचवामुळं लागलेली सवय असेल. विचारलं तर म्हणाला, "आदी इचारावं, मंग बसावं."

"कोणाला विचारावं?"

"जिच्यावर बसायचं तिला."

मेंढरामागं आयुष्य गेलेला माणूस. सुगीनंतर खतासाठी ज्याच्या वावरात मेंढरं बसवायची त्याच्या वावरात झोपायचं, त्यामुळं कुठली जमीन भुसभुशीत, कुठं बिळं, कुठं कातळ, हे त्याला काठीच्या आवाजावरून कळायचं. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. आपण त्यांना अडाणी म्हणतो आणि पाण्यासाठी बोअर घ्यायचं झालं की गुपचूप त्यांनाच बोलावतो.

पडेगावच्या पुढं, दौलताबाद रस्त्यापासून आत, एका शेठनं कोणाचं तरी शेत घेऊन प्लॉट पाडले होते. तेव्हा शहर नुसतं पसरत होतं, आणि पाऊस त्याच वेळी पाठ फिरवून बसला होता. मी शेठकडं नकाशे काढायचो. माझं अक्षर वळणदार, रेघ सरळ, आणि त्याचा मला नको इतका गर्व होता. हा तिथला राखणदार. दुष्काळात मेंढरं विकून, सात-आठ शेळ्या, बायको आणि एक मुलगी घेऊन लासूर स्टेशनाकडच्या गावातून आलेला. आमच्या पत्र्याच्या ऑफिसामागं त्याची खोली होती. मी त्याला मामा म्हणायचो, तो मला सायब. माझ्या पगाराकडं पाहता सायब म्हणणारा तो जगात एकटाच.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तो शहरात एका मंगल कार्यालयात चौकशी करून आला आणि दारातच हसत सुटला. "सायब, तेवड्यात तर निस्तं लगीन न्हाई, नवरदेवच इकत येईल." मग हसू ओसरलं. काठी आपटली, ऐकलं, बसला. "आमच्या घरात समद्यांची लग्नं दुसऱ्याच्या वावरात झाली. माजं तर रस्त्याकडंला झालं. हिचं माज्या दारात करीन. माज्या हातानं मांडव घालीन आन माज्या हातानं तिचा हात त्या पोराच्या हातात देईन. दुसरं काय मागनं न्हाई आपलं."

"मग इथं करा," मी म्हणालो. "तुमच्या खोलीपुढची ती मोकळी जागा बागेसाठी सोडली आहे. बाग काही एवढ्यात होत नाही. शेठला मी सांगतो."

मोठेपणा करायला मला आवडतं. खिशातून काही जात नसलं तर जरा जास्तच.

त्यानं लग्नाचा जो बेत आखला तो मी अजून लोकांना सांगतो. "पान्याचं बगा आदी," हे त्याचं सूत्र. टँकर चार दिवसांनी यायचा, तोही आला तर. म्हणून जेवायला वरण-बट्टी, कारण बट्टीला पाणी कमी लागतं आणि भाजायला गोवऱ्या घरच्या. ताटं नकोत, पत्रावळी, म्हणजे धुणं वाचलं. मांडवाला गोठ्यांवरच्या ताडपत्र्या आणि बाजूनं बायकांच्या लुगड्यांचे पडदे. नवरा-नवरीच्या स्टेजला ऑफिसात पडलेल्या विटा. आणि आहेर? पाहुण्यांना त्यानं तोंडी निरोप धाडला, "भांडं नको, पातळ नको, येताना येक येक क्यान पानी आना." मी पोट धरून हसलो. तो हसला नाही. "का हो? आमंत्रन देऊन तान्हेलं ठिवायचं का मानसाला?"

लग्नाच्या वीस दिवस आधी मुहूर्तमेढ रोवली. उंबराची फांदी, लग्नघराच्या अंगणात पुरायची. ती पहिली, मग सगळा मांडव. एकदा रोवली की लग्न होईस्तोवर हलवत नाहीत. फांदी त्यानं खुलताबादच्या बाजूला एका ओढ्यातून आणली, कारण आसपास हिरवं असं काही उरलंच नव्हतं. जागा दिशा बघून भटजींनी दाखवली. हलगी वाजत होती, बायका गात होत्या, नवऱ्याकडचे चार लोक आले होते. मामानं सवयीनं काठी आपटली, पण त्या हलगीत कसला आवाज ऐकू येतोय. त्यानं मान तिरकी केली, भावानं पाठीवर थाप मारली, "आर पूर की आता." त्यानं खड्डा घेतला आणि मेढ पुरली.

मी चार पावलांवर उभा होतो आणि मेढीकडं न बघता खालच्या मुरमाकडं बघत होतो.

सांगून टाकतो. त्या मोकळ्या जागेच्या कोपऱ्यात विहीर होती. जुनी, आटलेली, चांगली रुंद. मामा तिथं यायच्या आधी शेठनं आठवडाभर ट्रक लावून तिच्यात पाडलेल्या घरांचे स्लॅबचे तुकडे, झाडांचे बुंधे, काय हाताला लागेल ते ढकललं आणि वर मुरूम पसरला. मला म्हणाले, "नकाशात विहीर दाखवू नका. गिऱ्हाईक बिचकतं." मी माझ्या सुंदर अक्षरात तिथं 'उद्यान' असं लिहिलं. मेढ नेमकी विहिरीवर आहे की बाजूला, हे मला नक्की माहीत नव्हतं. बुजवलेली आहे, आता काय होतंय, असं मी स्वतःला समजावलं. शिवाय बुजवलेल्या विहिरीवर मेढ रोवली हे नवऱ्याकडच्यांना कळलं असतं तर अपशकुन म्हणून त्यांनी सोयरीक मोडली असती. ही सबब मला फार सोयीची वाटली.

बारा-तेरा दिवसांनी मामाच्या बायकोनं मला हाक मारून नेलं. मेढीला पालवी फुटली होती. आसपास कडुलिंबसुद्धा करपलेले, माणसांना प्यायला पाणी नाही, आणि त्या तोडून आणलेल्या फांदीवर तांबूस-हिरवी पानं. बायका हरखून गेल्या होत्या. एकीनं हळद-कुंकू वाहिलं, दुसरीनं पदर पसरला. मेढ फुटली म्हणजे पोरीचं कल्याण झालं, असं जो तो म्हणत होता. पडेगावातून अनोळखी बायका बघायला यायला लागल्या.

मामा मात्र लांब उभा होता. चेहरा उतरलेला. बायका पांगल्यावर तो मेढीजवळ गेला, काठी तीनदा आपटली. दोन पावलं सरकून पुन्हा. असं करत करत तो एक मोठा गोल फिरला. आवाज मलाही ऐकू आला. बाहेर काठी ठण्ण वाजायची आणि आत आली की डेऱ्यावर मारल्यासारखी.

तो माझ्याकडं आला. "सायब, खाली वल हाय. म्हनून ती फुटली. आन वल हाय तितं पोकळ बी हाय. हितं आदी काय व्हतं?"

सांगायला एक क्षण पुरला असता.

"काही नाही," मी म्हणालो. "पडीक होतं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "व्हय," आणि शेळ्यांकडं गेला. पुन्हा त्यानं मला तो प्रश्न कधीच विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं बेत बदलला. मेढ हलवायची नव्हती, म्हणून मांडवच सरकवला. मेढ मांडवाच्या मध्याऐवजी पार कोपऱ्याबाहेर राहील असे खांब रोवले. त्या गोलाभोवती बाभळीच्या काट्या टाकल्या. कोणी विचारलं की सांगायचा, "देवाची जागा हाय. फुटल्याली मेढ, पाय लावू नगा." अशी काही रीत नव्हती. त्यानं ती तिथं उभ्या उभ्या तयार केली. पण देवाची जागा म्हटल्यावर बायका जास्तच यायला लागल्या. काट्या बाजूला सारून आत शिरायच्या, कुंकू वाहायच्या, आणि मामा धावत जाऊन त्यांना हाकलायचा. बायको चिडायची, "येडं झालंय का मानूस?" मी ऑफिसच्या खिडकीतून हे बघायचो आणि कागदावर रेघा ओढायचो.

लग्नाच्या सकाळी पाहुणे खरंच पाण्याचे कॅन घेऊन आले. खांद्यावर, सायकलला, एसटीच्या टपावरून. मांडवाच्या तोंडाशी कॅनची रांग लागली. गोवऱ्यांच्या विस्तवातून बट्ट्यांचा वास येत होता. इतकं साधं आणि इतकं नेटकं लग्न मी दुसरं पाहिलेलं नाही. मी मात्र सकाळपासून फक्त तो कोपरा बघत होतो.

नवऱ्याकडच्या बायका आल्या त्या सरळ मेढीकडं निघाल्या. वीस-पंचवीस जणी, कडेवर लेकरं. त्यांना हाकलणार कसं? ती तर वराकडची मंडळी. मामा नवा फेटा बांधून मांडवात होता. त्यानं त्यांना पाहिलं, लगबगीनं पुढं गेला, काट्या ओलांडून आत शिरला आणि मेढीला पाठ टेकून मांडी घालून बसला. आयुष्यात पहिल्यांदा काठी न आपटता. "द्या हिकडं कुंकू," तो बायकांना म्हणाला. "मी वाहतो तुमच्या नावानं. आज हितं बापानं बसायचं आसतं."

हाडकुळा माणूस होता. आपल्या वजनाला जमीन धरेल असा त्यानं अंदाज केला असावा. बायका काट्यांच्या बाहेरून करंडे पुढं करत राहिल्या. एक गेली की दोन यायच्या.

मंगलाष्टका झाल्या. अक्षता पडल्या. भटजींनी कन्यादानासाठी मुलीच्या वडिलांना हाक मारली. भाऊ काट्यांपाशी आला. "आर चल, येळ चाललीय."

मामानं आजूबाजूला पाहिलं. बायका तशाच उभ्या होत्या. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी दहा पावलांवर होतो.

मला म्हणता आलं असतं, मामा, तुम्ही जा, मी बसतो. जागेवर कोणीतरी बसलेलं असणं एवढीच तर गरज होती. मी म्हणालो नाही. मला भीती वाटली. माझं वजन त्याच्या दीडपट होतं आणि खाली काय भरलंय ते मला ठाऊक होतं.

"तू बस कन्यादानाला," मामा भावाला म्हणाला. "थोरला हायेस. तुजाच मान."

मुलीचा हात चुलत्यानं दिला. ती सारखी कोपऱ्याकडं बघत होती. मामा मेढीला टेकून दुसऱ्यांचं कुंकू वाहत होता आणि त्याच्या गालावरून पाणी येत होतं. बायकांना वाटलं, बापाचं काळीज. पंगती उठेस्तोवर तो तसाच बसून होता. मी बट्टीची पत्रावळ काट्यांवरून पुढं केली, लांबूनच, हात ताणून. त्यानं घेतली.

चार महिन्यांत प्लॉट विकले गेले आणि शेठनं त्याला जागा सोडायला सांगितली. जाण्याआधी त्यानं गोलाभोवती दगड मांडून त्यांना चुना लावला. शेळ्या पुढं घातल्या आणि ऑफिसात आला. बसला नाही. "सायब, नकाशावर लिवा तेवडं."

"लिहितो," मी म्हणालो.

लिहिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू, मग शेठचं काम सुटलं आणि मी त्यातलाच एक लहानसा प्लॉट घेऊन तिथंच राहायला आलो. उंबर वाढत गेला. कॉलनीचे नळ कोरडे पडतात तेव्हाही तो हिरवागार असतो. पडणारा पाऊस खाली कुठं जातो कोण जाणे. तिथं पाणी कधी साचत नाही. चुन्याचे दगड रस्ता करताना कोणीतरी कडेला भिरकावले. गेल्या महिन्यात सोसायटीनं ठरवलं, उंबराच्या सावलीत बाकं टाकायची आणि मुलांसाठी घसरगुंडी बसवायची.

परवा दुपारी दारात एक बाई उभी. मी ओळखलं नाही, तिनंच सांगितलं. मामाची मुलगी. "आबा गेले पोळ्याच्या आदी," ती म्हणाली. "मेढ बगावी वाटली म्हनून आले." पाणी प्यायली आणि मग म्हणाली, "त्यांनी माजा हात दिला न्हाई. लई वर्सं मी त्यांच्याशी धड बोलले न्हाई. कितीदा इचारलं. म्हनायचे, सायबाला ठावं हाय."

"अजून काय म्हणायचे?"

"म्हनायचे, आता काळजी न्हाई. सायबानी नकाशावर लिवलंय."

मी तिला सगळं सांगितलं. विहीर, ट्रक, मुरूम, माझं 'काही नाही', माझी भीती. काही राखलं नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आता लिवा. माज्या समूर."

नकाशाची माझी प्रत कपाटात होती. टेबलावर पसरली. 'उद्यान' या शब्दावर मी गोल काढला. आत एक शब्द लिहिला, वळणदार नाही, नुसता वाचता येईल असा.

"काय लिवलं?"

"विहीर," मी वाचून दाखवलं. "ही प्रत संध्याकाळी सोसायटीच्या सभेत घेऊन जातो. सहीनिशी."

तिनं मान हलवली. कागदावर वाकून त्या गोलाकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "आबा कुटं बसले व्हते?"

मी बोट ठेवलं. कडेला नाही, गोलाच्या आत.

मी हात काढून घेतल्यावर तिनं त्याच जागी आपलं बोट टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही.