डुकरांचं रक्त

मी फौजेच्या व्हेटर्नरी विभागात हवालदार होतो. फौजी म्हटलं की लोक बंदुकीचं विचारतात. माझ्या हातात वीस वर्षं सुईच होती. शेवटचं पोस्टिंग कोल्हापूर. जपानी मेंदूज्वराच्या पाहणीसाठी आमची चौघांची तुकडी चंदगडला होती. हा विषाणू डुकरात वाढतो, डुक्कर ठणठणीत दिसतं आणि डास तो माणसात नेतो. म्हणून दर सोमवारी सकाळी सातला तुकारामच्या शेडवर जाऊन बारा डुकरांचं रक्त काढायचं.

तुकारामचं घर शेडला लागूनच होतं. बायको शेवंता, मुलगी ईश्वरी, वय सात. डुकरांच्या कानांतले नंबर तिला पाठ होते. मी चुकलो की खदाखदा हसायची.

एका बुधवारी १६:१० ला लॅबचा फोन आला. पाच नमुने पॉझिटिव्ह. मी कॅप्टनसाहेबांना कळवलं.

"दुसऱ्या लॅबची खात्री येईपर्यंत बाहेर एक शब्द नाही."

"सर, ती माणसं शेडशेजारी झोपतात."

"ऑर्डर क्लियर?"

"जी सर."

आमच्यासाठी मात्र त्याच संध्याकाळी ऑर्डर निघाली. बाह्या खाली, मच्छरदाणी सक्तीची.

सोमवारी चहा देताना शेवंतावहिनींनी विचारलं, "दादा, रगतात काय घावलं का?"

"रिपोर्ट यायचा हाय, वहिनी."

"मग बरं हाय की."

मी चहा प्यायलो. माझ्या बाह्या मनगटापर्यंत होत्या.

त्या फोननंतर नवव्या दिवशी ईश्वरीला ताप भरला, मग झटके आले. तिला कोल्हापूरला हलवलं. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली. खात्रीचं पत्र त्याच दुपारी आलं. डॉक्टर म्हणाले, डास कदाचित फोनच्या आधीच चावला असेल. त्या 'कदाचित'ला मी बरेच दिवस धरून राहिलो. उपयोग झाला नाही.

मी भेटायला गेलो. वहिनी उंबऱ्यात बसल्या होत्या.

"तवा ठावं हुतं तुमास्नी?"

"व्हय."

"पोरीला चादरीत गुंडाळून तरी निजवली असती की."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तुकडीच्या अहवालात जीवितहानी शून्य लिहिली गेली, कारण मोजायची होती ती फक्त फौजेची. दरवर्षी आम्ही निवृत्त लोक जमतो, शहिदांची नावं वाचली जातात. मी सावधानमध्ये उभा राहतो आणि मनात आणखी एक नाव घेतो. ईश्वरी तुकाराम, इयत्ता दुसरी. तिथे ते मोठ्याने घ्यायची हिंमत मला आजवर झालेली नाही.