एकोणीस पोरं आणि दोन शाळा

आम्ही गावाकडचे शिक्षक भेटलो की आधी बदल्यांचं रडगाणं, मग किस्से, हा क्रम ठरलेला. यंदा माझ्याकडे पिशवीभर किस्से जमलेत, कारण यंदा माझी शाळा बंदच पडत होती!

लोणी काळभोरच्या पलीकडे आमचं छोटंसं गाव. जिल्हा परिषदेच्या शाळा दोन. एक गावठाणात, दुसरी कालव्याअलीकडे मळ्यात, म्हणजे माझी. माझ्या पटावर एकोणीस पोरं. वीस झाली नाहीत तर शाळा गावठाणातल्या शाळेत विलीन, असा वरून निरोप आला. एक पोर हवं होतं हो, फक्त एक! आणि गावाला दोन्ही शाळांची तुलना करण्याची भारी हौस.

एक आजी घरची वाटी घेऊन दुपारच्या खिचडीला हजर. दुसऱ्या दिवशी तिकडची खिचडी चाखून परत आल्या. "खिचडी तुमची ग्वाड हाय. पण हात धुवायला साबण तिकडं हाय." मी त्याच संध्याकाळी साबण आणला आणि विचारलं, "आजी, नातवाचं नाव घालू ना मग?"

"छ्या! त्यो हिंजवडीला आसतो. इंग्लिश मीडियमला!"

*

मग एक वडील आले, कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. "मॅडम, गावठाणातल्या शाळेला ऑनलाइन चार स्टार आहेत. तुम्हाला एकही नाही." मी मोबाइल काढून बघितलं. रिव्ह्यू एकच, तोही तिथले मुख्याध्यापक शिंदे गुरुजी यांच्या जावयाचा. सख्ख्या जावयानंही एक स्टार कापलेला!

*

शाळेचा पहिला दिवस म्हणजे नव्या पोरांची मिरवणूक. ट्रॅक्टर सजवला, हलगी लावली. कालव्याजवळ नवा युनिफॉर्म घातलेली एक मुलगी उभी दिसली. मला काय आनंद! तिला उचलून वर बसवलं, हार घातला. ती दोन्ही बाजूंना हात हलवत शाळेपर्यंत आली. रजिस्टर उघडून नाव विचारलं, तर म्हणाली, "मी तिसरीत आहे. गावठाणातल्या शाळेत."

"अगं, मग ट्रॅक्टरवर कशाला बसलीस?"

"तुम्हीच बसवलं की!"

*

पट कळवायचा शेवटचा दिवस. पोरं घरी गेलेली, मी एकटीच भिंतीवरचे तक्ते काढत होते. कोण काढणार दुसरं? तेवढ्यात दारात खुद्द शिंदे गुरुजी. म्हटलं, आले सामान मोजायला! मी मान वर केली नाही.

"मॅडम, पहिलीचा फॉर्म आहे का एक?"

बघते तर त्यांचं बोट धरून त्यांची सहा वर्षांची नात उभी. मी तिथल्या तिथे फॉर्म भरून घेतला. वीस! शाळा वाचली! मी मटकन खुर्चीत बसले, डोळ्यांना पदर लावला. किती दिवसांनी नीट श्वास घेतला म्हणून सांगू!

जरा सावरल्यावर म्हटलं, "गुरुजी, पण तुमची स्वतःची शाळा असताना नात इकडे?"

गुरुजींनी चष्मा पुसला, नातीला पुढे खेळायला पाठवलं आणि हळूच म्हणाले, "अहो, तिकडे पहिलीला मी शिकवतो."