वकीलसाहेबांचं बीजगणित

माझ्या मुलीचं उत्तर बरोबर होतं आणि तरी तिचे गुण कापले होते. आठवीतली साधी चाचणी. तीन एक्स वजा पाच बरोबर सोळा. तिने पुढच्याच ओळीत लिहिलं होतं, तीन एक्स बरोबर एकवीस, आणि त्याखाली, एक्स बरोबर सात. सातच येतात. पण शेजारी शिक्षकांनी लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलं होतं आणि मधली पायरी कुठे आहे असं विचारलं होतं.

मधली पायरी नव्हतीच, कारण ती मी शिकवलेली नव्हती. बाजू बदलली की चिन्ह बदलतं, एवढंच मी तिला सांगितलं होतं. इकडचा वजा पाच बरोबरच्या चिन्हापलीकडे गेला की अधिक पाच होतो. नागपुरात मी शाळेत शिकले ते असंच, आणि पुढे त्याच गावातल्या दुसऱ्या शाळेत गणित शिकवायला लागले तेव्हा शिकवलं तेही असंच. इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीच्या शाळेत मात्र काही पलीकडे जात नाही. इथे दोन्ही बाजूंना पाच मिळवायचे, मिळवलेले कागदावर दाखवायचे, आणि मग काय उरलं ते लिहायचं. एवढ्याशा गणिताला केवढा तो थाट.

पेपर टेबलावर ठेवून मुलगी म्हणाली, "आई, दॅट्स नॉट मॅथ. दॅट्स अ ट्रिक."

"ट्रिक काय? उत्तर चुकलंय का?"

"आय नो इट्स नॉट राँग. पण यापुढे मी माझं माझं करेन. प्लीज डोन्ट हेल्प मी."

ती चिडून बोलली असती तर मी दुर्लक्ष केलं असतं. ती अगदी सभ्यपणे बोलली, बँकेत खातं बंद करायला आलेल्या माणसासारखी. मला ते फार लागलं.

का लागलं ते सांगायला हवं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो. त्याच्या व्हिसाला माझा व्हिसा जोडलेला, आणि त्या व्हिसावर मला काम करायची परवानगी नाही. तिकडे वर्ग भरून मुलं असायची, मागच्या बाकावरच्या दोघांवर डोळा ठेवत मी वर्गाकडे पाठ न करता फळ्यावर लिहायला शिकले होते. इथे आल्यावर माझा वर्ग म्हणजे जेवणाच्या टेबलावर बसलेली एक मुलगी. संध्याकाळी ती वही काढायची आणि तेवढा अर्धा-पाऊण तास मी पुन्हा बाई असायचे. आता त्या एका विद्यार्थिनीनेही नाव काढून घेतलं होतं.

नवरा म्हणाला, "सोड ना यार. टीचर सांगतो तसं करू दे तिला. तू कशाला टेन्शन घेतेस?" त्याचं चुकलं नव्हतं. पण त्याची सकाळची मीटिंग कॅन्सल झाली तरी तो दिवसभर घरभर फिरत कुरकुरतो, आणि माझी शाळाच्या शाळा कॅन्सल झाली होती.

पालकभेटीच्या दिवशी मी शिक्षकांना गाठलंच. तरुण माणूस, दाढी राखलेला, कमालीचा नम्र. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की तुमच्या पद्धतीत काही चूक नाही, पुढे सगळ्यांचाच हात तसा चालायला लागतो. पण पुष्कळ मुलांना वाटतं की आकडा उडी मारून पलीकडे जातो. चिन्ह का बदललं म्हणून विचारलं की गप्प बसतात. मी म्हटलं, माझी मुलगी गप्प बसणार नाही. तो हसून म्हणाला, विचारून बघा.

घरी येऊन विचारलं. मुलगी म्हणाली, "बिकॉज यू सेड सो."

त्या उत्तराने मला शिक्षकाचाही राग आला आणि मुलीचाही. मुलीचा ऑर्केस्ट्राचा सराव असतो तेव्हा मी गावातल्या लायब्ररीत जाऊन बसते. एरवी मासिकं चाळते. त्या आठवड्यात मात्र गणिताच्या इतिहासाची कपाटं धुंडाळली. स्वच्छ सांगायचं तर पुरावा शोधायला गेले होते. हे पलीकडे नेणं कुण्या थोर माणसाने सांगितलंय असं सापडलं की ते पान त्या दाढीवाल्याच्या टेबलावर ठेवायचं, असा माझा बेत होता.

आणि सापडला की. सोळाव्या शतकातला एक फ्रेंच माणूस. त्याचं नाव मी लिहीत नाही, इथे कुणाचंच लिहिलेलं नाही. मी त्याला वकीलसाहेब म्हणते, कारण पेशाने तो वकील होता आणि गणित फावल्या वेळात करायचा. राजाचा सल्लागार झाला. शत्रूची सांकेतिक लिपीतली पत्रं त्याने अशी उलगडली की शत्रूकडच्यांना हा चेटूक करतो असं वाटलं. त्याच्या आधी बीजगणितातलं प्रत्येक उदाहरण आपापले आकडे घेऊन यायचं आणि सुटलं की संपायचं. याने माहीत असलेल्या राशींनाही अक्षरं दिली. अज्ञाताला स्वर, ज्ञाताला व्यंजनं. मग एकदा सोडवलं की त्या जातीची सगळी उदाहरणं सुटली. आपला एक्स नंतरचा, तो दुसऱ्या एका फ्रेंच माणसाने आणला. वकीलसाहेबांना ऋण संख्या मात्र मान्य नव्हत्या. उत्तर शून्याच्या खाली उतरलं की ते त्याला उत्तरच मानायचे नाहीत. एवढी बुद्धी आणि एवढा हट्ट. माझ्या सासऱ्यांशी त्यांचं छान जमलं असतं.

माझा पुरावाही त्याच पुस्तकात होता. पद एका बाजूकडून दुसरीकडे न्यायचं आणि चिन्ह उलटं करायचं, या क्रियेला त्याने ग्रीक नाव देऊन नियमांमध्ये बसवलं होतं. मी एकटीच हसले. समोर बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी वर पाहिलं. पण पुढची ओळ वाचली आणि हसू आवरलं. नियम सांगून तो पुढे गेला नव्हता. वकील तो, आधी सिद्ध केलं होतं. पद पलीकडे नेल्याने समीकरण बिघडत नाही, कारण खरं म्हणजे आपण दोन्ही बाजूंना सारखंच मिळवलेलं असतं. म्हणजे दाढीवाला बरोबर होता आणि मीही बरोबर होते. त्याची ओळ वरची, माझी खालची. असला निकाल कुणाला हवा असतो? मी तर जिंकायला गेले होते.

तरी पुस्तक घरी आणलं, ते वेगळ्या कारणासाठी. त्याच्या आयुष्यातल्या दोन गोष्टींनी मला सोडलं नाही. एक म्हणजे दरबारातल्या विरोधकांनी त्याला मधली काही वर्षं पदावरून काढून घरी बसवलं होतं, आणि त्याच्या या बीजगणिताची मांडणी त्या रिकाम्या वर्षांत झाली असं मानतात. दुसरी म्हणजे तरुणपणी तो वकिली सोडून एका सरदाराच्या घरी त्याच्या लहान मुलीला शिकवायला राहिला होता. पुढे सगळं आयुष्य उलटून गेल्यावर बीजगणिताचं पुस्तक छापलं, तेव्हा ते त्याने तिला अर्पण केलं. राजाला नाही, पोपला नाही. त्या मुलीला. हे वाचताना मला लायब्ररीत रडू आलं आणि त्या म्हाताऱ्या बाईंनी पुन्हा वर पाहिलं.

रविवारी सकाळी मी इंडियन स्टोअरमधून आणलेली मेथी निवडत होते. समोर मुलगी गृहपाठ करत होती, वहीवर कोपर आडवं धरून, म्हणजे मला दिसू नये. गणिताबद्दल काही बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. नुसतंच म्हटलं, "एक वकील होता." आणि गोष्ट सांगायला लागले.

चेटकाचा भाग तिला आवडला. घरी बसवल्याचं ऐकल्यावर तिचं पेन थांबलं.

"लाइक यू," ती म्हणाली.

मी पानं खुडत राहिले. मग त्या मुलीचं सांगितलं, आणि अर्पण केलेल्या पुस्तकाचं.

"डिड शी रीड इट?"

"माहीत नाही. पुस्तकात ते दिलेलं नाही."

 मग वहीत बघतच तिने विचारलं, "आई, डू यू मिस इट? टीचिंग?"

हा प्रश्न मला इथल्या प्रत्येक काकूने, मावशीने विचारलेला आहे. माझं उत्तरही ठरलेलं आहे. छे हो, केवढी दगदग होती, आता कशी निवांत आहे. तेच तोंडावर आलं होतं. पण आपण सोयीचं नसलेलं उत्तर मानायचंच नाही असं किती वर्षं करणार, असं वाटलं. मी म्हणाले, "हो. रोज आठवतं. आणि तू माझ्याकडे शिकायचं बंद केलंस ना, त्याचं मला फार वाईट वाटलं."

"देन व्हाय डिडन्ट यू से?"

"बाबाला वाटेल आपण आणलं म्हणून हिचं असं झालं. तुलाही वाटेल, आपल्यामुळेच झालं."

"मला नाही वाटत तसं. आय जस्ट डिडन्ट नो." तिने खांदे उडवले. तिने सॉरी म्हटलं नाही आणि मला ते हवंही नव्हतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी या घरात खरं बोलले होते, आणि ऐकणारं माणूस उठून गेलं नव्हतं. छातीवरचं ओझं खरंच हलकं झालं.

थोड्या वेळाने तिने कोपर काढलं आणि वही टेबलाच्या मध्यावर सरकवली.

"ओके. पण मला व्हाय सांग. नुसतं हाऊ नको."

मी मेथी बाजूला सारली, हात पुसले आणि तिच्याकडे पेन मागितलं.