एक्केचाळीस लाल दोरे

रेकॉर्डरूमच्या काकांना कॉम्प्युटर निवडायला सांगितलं, तेव्हा मी कपाळावर हात मारला. मी वॉर्डची सिस्टर. मोठ्या डॉक्टरांना तोंडावर म्हणाले, "अहो, त्यांना मोबाइलचा अलार्म बंद करता येत नाही." ते म्हणाले, "फाइली त्यांनाच कळतात. रिटायर व्हायच्या आत निवडू देत."

दोन कंपन्यांची माणसं आली. एक म्हणे सर्व्हर इथेच ठेवा, दुसरा म्हणे इथे काहीच ठेवू नका. काका सगळं वहीत उतरवून घेत आणि मला विचारत, "सिस्टर, डेटाबेस म्हणजे कपाट की कपाटाची किल्ली?" मला तरी कुठे ठाऊक! मी उगाच खेकसायची. कंपनीवाल्यांना मात्र काकांचा एकच प्रश्न, "लाल दोरा कुठे बांधायचा?"

ज्याला पेनिसिलिन सोसत नाही, त्याच्या फाइलीला काका लाल दोरा बांधत. दोरा दिसला की आम्ही इंजेक्शन खाली ठेवायचो. आत कुणी लिहायची तसदी घेतली नव्हती.

पहिला म्हणाला, "त्याचं वेगळं पान आहे, उघडून बघायचं."

"आणि नाही उघडलं तर?"

दुसरा म्हणाला, "आमच्याकडे त्याचं उत्तर भरल्याशिवाय औषध लिहिताच येत नाही." काका खूश झाले. नमुना म्हणून त्याला एक जुनं कपाट स्कॅन करायला दिलं.

दोन दिवसांनी फाइली परत आल्या. सोबत एक डबा. "दोरे मशीनमध्ये अडकत होते, म्हणून सोडवले. एकही हरवला नाही हं," कंपनीचा माणूस कौतुकानं म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. तोंडाला येईल ते बोलले त्याला. काकांनी डबा उघडला. त्यांनी दोरे मोजले, एक्केचाळीस. मग डोळे मिटून एकेक माणूस सांगत गेले, मी लिहीत गेले. सुतार, त्याची बहीण, पोस्टातली बाई. चाळिसावर थांबले ते थांबलेच.

कॉम्प्युटर त्याच कंपनीचा घेतला. काका रिटायर झाले, तरी रोज येऊन केसपेपरच्या खिडकीशी बसतात. बोटाला तो उरलेला दोरा. येईल त्याला विचारतात, "इंजेक्शनचा कधी त्रास झाला होता का हो?" लोकांना वाटतं, म्हातारा भ्रमिष्ट झालाय.

परवा त्यांनी मलाच विचारलं.

"काका, अहो मी सिस्टर."

"ते कळतंय हो. पण तुमच्या बाळंतपणाची फाइल त्याच कपाटात होती ना?"

होती. आणि त्या वेळी दोन दिवस मी शुद्धीवर नव्हते.