घरचा पाटा

उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकीनं मला बाली बेटावर ज्वालामुखी बघायला नेलं. डोंगर नुसता धुरकट दिसत होता. पायथ्याशी मात्र लाव्हा थिजून झालेला काळा दगड लांबवर पसरला होता. आपल्याकडचा पाट्याचा काळा दगडही असाच लाव्हातून झालेला, असं लेकीनं सांगितलं. मी त्यावर तळवा टेकला आणि हात काढवेना. नुकतीच छिन्नीनं टाकी लावलेल्या पाट्यासारखा खरखरीत होता तो.

माझी शाळा दुसरीपर्यंतची, पण पाटे-वरवंटे घडवण्यात पंचक्रोशीत माझ्या तोडीचा कोणी नव्हता. घरचा पाटा गुळगुळीत झाला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, याला टाकी लावा की. वाटण नुसतं सरकतंय."

"माझ्या हातचा पाटा झिजत नसतो. तुझ्याच हातात जोर नाही."

पुन्हा तिनं विचारलं नाही. मरेपर्यंत त्याच पाट्यावर वाटत राहिली.

"आबा, चला की! जन्मभर दगडच पाहिलेत ना तुम्ही?" लेक हसली.

पाहिलेत. आगीतून निघालेला असला दगड जिनं वाटून वाटून झिजवला, तिच्या हातात जोर नाही म्हणालो मी.

घरी गेलो की पाट्याला टाकी लावणार आहे. वाटण आता मिक्सरवर होतं, तरी लावणार आहे.